सीपॅप मशीन: नाशिकचा पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घ्यायचं म्हटलं की जो तो विचारतो, मशीन कुठल्या कंपनीचं? मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतेय आणि माझं मत आता पक्कं आहे. आधी मास्क बघा. हवा ढकलायचं काम मशीन करतंच, पण ती नाकात जाते की डोळ्यांत, ते मास्कवर असतं.

पाळी गेल्यानंतर माझं घोरणं वाढलं होतं. सकाळी डोकं जड, दुपारी पेपर तपासता तपासता डोळे मिटायचे. बायकांचं घोरणं आजार म्हणून कुणी बघतच नाही. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, यातच वर्ष जातं. पाळी गेल्यावर स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा, धोका वाढतो, म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, एएचआय ३४ आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. ५ च्या आत हवा, ३० च्या वर गेला की गंभीर.

सुरुवातीला जीव घाबरतो. श्वास सोडताना समोरून कुणी अडवतंय असं वाटतं. मला फायदा झाला तो जागेपणीच्या सरावाचा. दुपारी मास्क लावायचा, मशीन चालू करायचं आणि टीव्ही बघत बसायचं. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. रॅम्प चालू ठेवला की प्रेशर कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढतं, तोवर झोप लागते.

आता गळतीचं. हवा फुसफुसायला लागली की हात आपोआप पट्ट्यांकडे जातो, पण पट्टे आवळले की मास्कचं चेहऱ्याला टेकणारं मऊ कुशन चपटं होतं आणि गळती वाढते. आडवं व्हा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचला, कुशनमध्ये हवा भरू द्या आणि मग टेकवा. पट्टे त्यानंतर, बेताचे. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा, कारण चेहऱ्याच्या तेलकटपणाने ते निसटतं. रात्रीचं क्रीम मी बंदच केलं.

डिसेंबरात इंदिरानगरच्या आमच्या वरच्या मजल्यावर वेगळाच त्रास सुरू झाला. पेपरात रोज निफाडचा पारा, आणि इकडे पहाटे ट्यूबमध्ये गुडगुड होऊन नाकावर पाण्याचे थेंब. ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा दमट करणाऱ्या मशीनच्या पाण्याच्या टाकीची, कोमट दमट हवा गार ट्यूबमध्ये निवते, तिचंच ते पाणी. ट्यूब गोधडीखाली घेतली, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, ह्युमिडिटी एका घराने कमी केली, की थांबलं. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरच्या पाण्याने क्षार धरतात. इन्व्हर्टर असू द्या, लाईट गेली की मशीन बंद पडतं.

आता मशीनवर एएचआय ५ च्या खाली दिसतो आणि दुपारचं पेंगणं गेलंय. पोटात हवा जाऊन ढेकर येतात ते अजून आहे, डॉक्टर प्रेशर बघणार आहेत.

मला पहिला दिलेला मास्क मोठा होता आणि पाकीट उघडलं म्हणून दुकानदाराने बदलून दिला नाही. दुसरा पदरच्या पैशाने घ्यावा लागला. म्हणून पैसे देण्याआधी, चालू मशीनवर, आडवं होऊन दोन-तीन मास्क लावून बघू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.