कच्च्या केसांसाठीची खास कार्गो सेवा: एक पावसाळा वापरल्यानंतर

कच्चे, म्हणजे प्रक्रिया न केलेले मानवी केस परदेशी पाठवणारी ही सेवा नेहमीच्या कार्गो एजंटापेक्षा महाग आहे, पण जास्तीचे पैसे वजनकाट्यावरच वसूल होतात.

केस हवेतला ओलावा ओढतात, सगळी गोम तिथे आहे. 2024 च्या अखेरीपासून 0501 या कस्टम्स कोडखालचे कच्चे केस किलोमागे 65 डॉलर किंवा त्याहून जास्त एफओबी (जहाजावर किंवा विमानावर चढवेपर्यंतच्या) भावाचे असतील तरच बाहेर पाठवता येतात; त्याखाली बंदी. समजा, 100 किलो कोरडा माल 70 डॉलरने विकला, बिल 7000 डॉलरचं. पावसाळ्यात उघड्या गोदामात तोच माल 108 किलो भरला, तर भाव 64.81 वर येतो आणि खेप अडकते. इथे केस डीह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत रात्रभर ठेवून मगच तोलतात आणि लगेच सिलिका जेलच्या पुड्या टाकून जाड पॉलिथिनमध्ये सील करतात. ऐन पावसातही वजनात फरक आला नाही, कुबट वासाची तक्रारही नाही.

माल उचलण्याआधी ते हमखास विचारतात: मुळं एका बाजूला लावली आहेत का? नुसती लांबीनुसार निवड केली असेल तर माल 0501 मध्येच राहतो. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे जुळवली की तो 6703 मध्ये, म्हणजे प्रक्रिया केलेल्या केसांच्या कोडमध्ये जातो. रंग-रसायन न लागलेल्या रेमी (मुळं-टोकं जुळवलेल्या) मालालाही व्यापारी 'रॉ'च म्हणतात; इन्व्हॉइसवर तसं लिहून कोड 6703 टाकला की कस्टम्सची विचारणा आलीच. इथे शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा अर्ज) भरण्याआधी वर्णन तपासून देतात. याला पैकीच्या पैकी गुण.

खोका 60×40×40 सेंमीचा. विमानभाड्यासाठी आकारमानावरूनही वजन धरतात: घन सेंमींना 6000 ने भागलं की 16 किलो होतात, म्हणजे आत 11 किलोच भरले तरी भाडं 16 चंच. जुड्या हाताने दाबून बसवायला सांगा, पण व्हॅक्यूम पॅकिंग नको: थोडी जरी ओल राहिली तरी दुमडलेल्या जागी वाक बसतो आणि खरेदीदार भाव पाडतो. 24 इंच म्हणजे 61 सेंमी, तेव्हा त्यापासून पुढच्या मालाला लांब खोका आधीच सांगून ठेवावा लागतो. न सांगितल्यास सरळ दुमडून भरतात, हे खटकतं.

विमा मात्र कच्चा दुवा आहे. पॅकिंग लिस्टमध्ये ते एकूण वजन आणि खोक्यांची संख्या एवढंच लिहितात. वाटेत एका खोक्यातून चार जुड्या गेल्या तर दावा कशावर करणार? प्रत्येक खोक्याचं निव्वळ वजन, ढोबळ वजन आणि सीलचा नंबर लिहून मागा; मागितल्यावर देतात.