सहा महिने, सहा राउंड आणि एकटी ब्यॉर्क: ऑनलाइन गाण्यांच्या स्पर्धेचा अनुभव

मैत्रिणीने लिंक पाठवली तेव्हा वाटलं टाइमपास आहे, दोन आठवड्यांत सोडून देऊ. सहा महिने झाले, सीझन संपला, आणि मी अजून रात्री झोपताना कुठलं गाणं पाठवायला हवं होतं याचाच हिशोब करतेय. म्हणून लिहून टाकते, कोणी जॉइन व्हायचा विचार करत असेल तर आधीच सावध.

खेळ असा. प्रत्येकाने एक गायक किंवा गायिका निवडायची आणि सीझनभर तीच, मध्ये बदलता येत नाही. दर महिन्याला तिचं एक गाणं गुपचूप पाठवायचं, चालवणारा सगळ्यांची मिळून एक प्लेलिस्ट करतो, आठवडाभर ऐकायचं आणि मग युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेसारखे पॉइंट द्यायचे, आवडत्याला १२, मग १०, मग ८ पासून एकेक कमी करत १ पर्यंत. स्वतःला मत नाही. मत द्यायला विसरलात तर तुमचं गाणं बाद. आम्ही २२ जण होतो, निम्मे युरोपातले, मराठी मी एकटीच. आणि दोन नियम असे की त्यांनी माझा जीव खाल्ला. गाणं तिचं स्वतःचं हवं, दुसऱ्याचं परत गायलेलं, म्हणजे कव्हर, चालणार नाही, आणि लांबी पाच मिनिटांच्या आत, एका सेकंदाचीही सूट नाही.

मी डोळे मिटून आइसलँडची गायिका ब्यॉर्क घेतली. (आइसलँडचे लोक ब्यर्कच्या जवळपास काहीतरी म्हणतात म्हणे, मला जमत नाही, मी ब्यॉर्कच म्हणणार.) तिचं पूर्ण नाव ब्यॉर्क गुडमुंड्सडोटिर, म्हणजे गुडमुंडुरची मुलगी, हे आडनाव नाहीच मुळी, वडिलांचं नाव आहे. आपल्याकडे फॉर्मवर मधल्या रकान्यात लिहितो ना तसंच, फक्त त्यांच्यात बहुतेकांना तिसरा रकाना नसतोच. मला ती कॉलेजपासून आवडते, त्यामुळे वाटलं की गाणी काढणं डाव्या हाताचा मळ.

तर पहिल्याच दिवशी लोच्या. माझं सगळ्यात लाडकं गाणं ‘योगा’, १९९७च्या ‘होमोजेनिक’ अल्बममधलं. व्हायोलिन-चेलो संथ चालू असतात आणि मग खालून ते बीट्स असे फुटतात की जमीन हलतेय असं वाटतं, दिग्दर्शक मिशेल गाँद्रीच्या व्हिडिओत तर खरंच आइसलँडची जमीन भेगाळत जाते. लांबी बघितली. पाच मिनिटं पाच सेकंद. पाच सेकंद! चालवणाऱ्याला विचारलं शेवटचं जरा कापून पाठवू का, तो म्हणाला कापलेलं चालत नाही. मग ‘हायपरबॅलड’, पाच एकवीस. ‘बॅचलरेट’, पाच बारा. बाईंनी चांगली गाणी ठरवून पाच मिनिटांच्या पुढेच नेलीयत की काय असं वाटायला लागलं. पहिले तीन दिवस मी गाणी ऐकलीच नाहीत, फक्त मिनिटं बघितली.

पहिल्या राउंडला ‘आर्मी ऑफ मी’ दिलं, तीन चोपन्न, ढाण ढाण सुरू होतं, भावाला झापायला लिहिलेलं गाणं आहे ते. चौथा नंबर आला. मी खूश. दुसऱ्या राउंडला अतिशहाणपणा केला, म्हटलं लोकांना तिचं सगळ्यात माहितीतलं द्यावं, ‘इट्स ओ सो क्वाएट’, हळू हळू आणि मग एकदम किंचाळणं, सगळ्यांना आवडतंच. पाठवलं आणि दोन तासांत रिजेक्ट, कारण ते तिचं नाहीच! मूळ जर्मन गाणं, मग १९५१ साली अमेरिकन गायिका बेटी हटनने इंग्रजीत गायलेलं, आणि ब्यॉर्कने १९९५च्या ‘पोस्ट’मध्ये घेतलेलं. इतकी वर्षं फॅन म्हणवून घेते आणि हे माहीत नव्हतं, हात दाखवून अवलक्षण. घाईत दुसरं काहीतरी पाठवलं, कितवं आलं ते सांगत नाही.

तिसऱ्या राउंडची गंमत सांगते. स्वयंपाकघरात फोनवर ‘व्हीनस अॅज अ बॉय’ लावून कांदा चिरत होते. आई शेंगा सोलत बसलेली, तिला इंग्रजी गाणी म्हणजे कटकट. ती मान वर न करता म्हणाली, हे व्हायोलिन आपल्या पिक्चरमधले वाटतात गं. मी म्हटलं आई काहीही काय, बाई आइसलँडची आहे. नंतर वाचलं तर १९९३च्या त्या ‘डेब्यू’ अल्बमची काही स्ट्रिंग्ज तबलावाले तलवीन सिंग यांनी भारतात येऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली होती, आणि हे गाणं त्यातलंच. आईला सांगितलं तर म्हणाली, मग, कानाला कळतं की. तेच पाठवलं, दुसरा नंबर, सीझनमधला माझा बेस्ट. श्रेय आईचं.

मग डोक्यात हवा गेली आणि चौथ्याला ‘ऑरोरा’ दिलं, २००१च्या ‘व्हेस्पर्टाइन’मधलं. त्यात बर्फात चालल्याचा कर्र कर्र आवाज हाच ठेका आहे, वर हार्प आणि कोरस, घरी रात्री अंधारात ऐकलं तर अंगावर काटा येतो. पण प्लेलिस्ट लोक कुठे ऐकतात? मी स्वतः बाकीची २१ गाणी ठाणे-सीएसटी लोकलमध्ये एका कानात इयरफोन घालून ऐकली होती, दुसरा कान पुढील स्टेशनसाठी. ‘ऑरोरा’ तसं ऐकून बघितलं तर बर्फ गायब, फक्त गाडीचा खडखडाट. खालून दुसरं आलं. माझ्यासारखेच बाकीचेही ऐकत असणार, राग कोणावर काढू?

इथे मला कळलं की या खेळात पहिली चाळीस सेकंदं जिंकतात. आवडतं गाणं आणि पॉइंट मिळवणारं गाणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि ब्यॉर्कची माझी आवडती सगळी तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकल्यावर उघडणारी. बरं, तिच्याच देशाला युरोव्हिजनमध्ये दोनदा दुसरा नंबर मिळालाय, १९९९ आणि २००९ला, पहिला कधीच नाही. म्हणजे मी योग्य घराण्यात आहे.

पाचवा राउंड ठीकठाक. शेवटच्याला म्हटलं गेले पॉइंट खड्ड्यात, आणि ‘अनरॅव्हल’ दिलं. तीन एकवीस, नियमात बसतं. प्रियकर लांब गेला की मन लोकरीच्या गुंड्यासारखं सुटत जातं, एवढंच गाणं, ठेका जवळजवळ नाही, मागे ऑर्गन. २० जणांनी शून्य दिलं. एकाने १२ दिले, आणि निकालाखाली लिहिलं की विकेंडला गाडी थांबवून परत लावलं. कोण ते माहीत नाही, फक्त त्याचा गायक फिन्लंडचा होता एवढं कळलं. एकूण मी २२ पैकी चौदावी.

तक्रारी म्हणाल तर निकाल जाम हळू लावतात, आमच्या वेळेने रात्री दीड वाजतो आणि सकाळी ऑफिस. कव्हरचा नियम पहिल्या पानावर ठळक लिहायला काय जातं. आणि दर महिन्याला २१ गाणी निदान दोनदा ऐकायची म्हणजे वेळ लागतो, घाईने मत द्यायचं असेल तर येऊच नका.

पैसे शून्य लागतात, आणि मला या सहा महिन्यांत निदान दहा गायक नवे मिळाले. पुढच्या सीझनला लांबीची मर्यादा साडेपाच मिनिटं करणार म्हणतायत. मी नाव देऊन ठेवलंय, गायिका तीच.