ट्रॅक्शन कंट्रोल की डिफ लॉक?

पिकअप कृष्णाकाठच्या उसाच्या रानातही न्यायची आणि पाटणच्या घाटातही, मग घ्यावं काय?

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी दात्यांची पेटी. साध्या डिफरन्शियलमध्ये चिखलातलं चाक नुसतं गरगरतं, दुसरं ढिम्म. ट्रॅक्शन कंट्रोल त्या गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, की जोर पलीकडे जातो. पण चाक आधी घसरावं लागतं. तेवढ्यात काळ्या मातीत खड्डा पडतो. फार वेळ रेटलं तर ब्रेक तापतात. ओल्या डांबरी वळणावर मात्र हेच कामाचं, बटणही दाबावं लागत नाही.

डिफ लॉक म्हणजे डिफरन्शियल जखडणारा लॉक; तो दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवतो. चिखलात शिरण्याआधीच, गाडी थांबवून लावायचा. चाक गरगरत असताना लावला तर लॉकचे दाते तुटायची भीती. डांबरावर काढायला विसरलात तर वळताना टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो.

फडातून ऊस भरून निघणाऱ्याला लॉकच हवा. सातारा-महाबळेश्वर भाडं मारणाऱ्याला ट्रॅक्शन कंट्रोल पुरतं. उरलेले पैसे टायरांत घाला.