होमस्टेचं फायबर राउटर: लाईट जाऊन आल्यावर नेट का अडतं

गुहागर-दापोली पट्ट्यात होमस्टेवाल्यांना स्थानिक केबलवाल्याकडून फायबर मिळतं. हे परीक्षण त्याच्यासोबत येणाऱ्या राउटरचं आहे. वेग चांगला आहे आणि तार तुटली तर माणूस लवकर येतो. पण पावसाळ्यात रोज भेटणारी एक अडचण आहे. लाईट जाऊन आली की फोनवर वायफाय पूर्ण दिसतं, पण पानं लटकतात. वायफाय बंद-चालू केलं की सुरळीत होतं, म्हणून फोनला नावं ठेवली जातात. दोष राउटरचाच आहे.

खोल्यांमधले ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) बहुधा इन्व्हर्टरवर असतात, ऑफिसमधला राउटर मात्र थेट लाईटवर. राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, तेव्हा त्याला कंपनीकडून नवा आयपीव्ही६ प्रीफिक्स मिळतो, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याचा पुढचा भाग, ज्यावरून फोन आपला पत्ता बनवतो. फोनचं वायफाय मात्र मध्ये तुटलेलंच नसतं, त्यामुळे तो जुना पत्ता टाकत नाही. त्या पत्त्यावरून गेलेल्या मागणीला उत्तर येत नाही.

हेल्पलाइनवर सांगतात, "दोन तास थांबा, मानकातच तसा नियम आहे." नियम आहे खरा, पण तो इथे लागू होत नाही. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज. त्यातल्या आरएफसी ४८६२ (२००७) मधला दोन तासांचा नियम फक्त 'व्हॅलिड' मुदतीसाठी आहे, म्हणजे पत्ता मुळात किती काळ चालेल त्यासाठी. राउटर प्रीफिक्स आणि मुदती फोनना कळवतो, त्या संदेशाला घोषणा म्हणतात. कुणी खोटी घोषणा पाठवून चालू पत्ते मारू नयेत, म्हणून अशी घोषणा ती मुदत दोन तासांखाली आणू शकत नाही. 'प्रेफर्ड' मुदतीला, म्हणजे नव्या जोडण्यांसाठी पत्ता किती काळ वापरायचा त्याला, हे बंधन नाही. त्याच्या आधीच्या, १९९८च्या आरएफसी २४६२मध्ये ही बाब मोघम होती. ४८६२ने स्पष्ट केलं की प्रेफर्ड मुदत प्रत्येक घोषणेनुसार बदलतेच. म्हणजे राउटरने जुना प्रीफिक्स प्रेफर्ड शून्य करून घोषित केला, तर फोन नव्या जोडण्यांसाठी तो पत्ता लगेच सोडतो.

हा राउटर ते करत नाही, कारण बंद पडल्यावर जुना प्रीफिक्स त्याच्या लक्षातच राहत नाही. घोषणाच नाही, तर दोन तासांचा प्रश्नही येत नाही. आधी जाहीर केलेली मुदत चालू राहते: प्रेफर्ड ६,०४,८०० सेकंद (७ दिवस), व्हॅलिड २५,९२,००० सेकंद (३० दिवस). हे आकडे आरएफसी ४८६१चे मूळ आकडे आहेत, पण बदलत्या प्रीफिक्सच्या घरगुती जोडणीला ते फार मोठे पडतात. आरएफसी ९०९६ (२०२१) अशा राउटरसाठी प्रेफर्ड २,७०० आणि व्हॅलिड ५,४०० सेकंद सांगतो, शिवाय जुना प्रीफिक्स कायमच्या मेमरीत ठेवायलाही सांगतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) आयपीव्ही६ पानावर हे दोन आकडे भरता येतात. ते नक्की भरा. मग अडचण जास्तीत जास्त पाऊण तास टिकते. ती मुळातच नको असेल तर राउटर आणि ओएनटी (फायबरची तार येते तो डबा) दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. निम्मी सोय अंगलट येते ती इथेच.

त्याच पानावर 'स्टेटफुल' (पत्ता राउटर वाटतो) आणि 'स्टेटलेस' (पत्ता फोन स्वतः बनवतो) असा पर्याय आहे. स्टेटफुल निवडू नका. मानकाप्रमाणे घोषणेतला एम फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) डीएचसीपीव्ही६, म्हणजे पत्ता मागून घेण्याची सोय, उपलब्ध असल्याचं सांगतो. पत्ता स्वतः बनवायचा की नाही, हे प्रत्येक प्रीफिक्ससोबतचा ए फ्लॅग ठरवतो. दोन्हींची गल्लत पूर्वीपासून होते. ४८६२ने तर एम आणि ओ (पत्त्याखेरीज इतर माहितीसाठीचा) फ्लॅगचा मजकूर काढूनच टाकला. हा राउटर स्टेटफुलमध्ये ए फ्लॅग बंद करतो. अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ने पत्ता मागत नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या बहुतेक फोनना आयपीव्ही६ मिळतच नाही.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायचं असेल तर एक /६४ प्रीफिक्स पुरत नाही (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा गट मोठा), कारण प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा /६४ लागतो. कनेक्शन घेतानाच /५६ मागा, आणि तो स्थिर मिळेल का हेही विचारा.

पाचपैकी तीन तारे. जुना प्रीफिक्स जपणारं फर्मवेअर आलं, तर आणखी एक सहज देता येईल.