डिचोलीत आइस हॉकीचा शूटिंग पॅड: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, आमच्याकडे गोव्यात बर्फ बघायचा तर मासळी मार्केटात. त्यामुळे घरी आइस हॉकीचे शॉट मारायला प्लास्टिकचा पत्रा मागवला म्हटल्यावर घरचे हसले त्यात नवल नाही. कॅनडात नोकरीला असताना दोन हिवाळे खेळलो होतो, परत आल्यावर हात जाऊ नये म्हणून फेब्रुवारीत हा आठ बाय चार फुटांचा पॅड घेतला. आता ऑक्टोबर आहे, रोज नाही जमत पण आठवड्याला चार दिवस शंभरेक शॉट होतात.

पॅड बर्फासारखा सरकत नाही, पहिल्या दिवशी मला वाटलं माल खराब आला. सिलिकॉन स्प्रे मारला की बरा चालतो. खरी कटकट आमच्या लाल धुळीची, रात्रीत थर बसतो आणि पकाखाली, म्हणजे ज्या चकतीने खेळतात तिच्याखाली, सँडपेपरसारखी घासते, महिन्याभरात चरे पडले. आता आधी ओलं फडकं, मग शॉट. एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात ठेवला तर मधोमध पापडासारखा फुगला, म्हणून पडवीत आणला. पावसाने मात्र त्याचं काही बिघडलं नाही.

पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाड रबराची चकती, वजन 170 ग्रॅमच्या आतबाहेर. रबर गरम झालं की उड्या मारतं, म्हणून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मॅचआधी पक गोठवतात. मीही फ्रीझरमध्ये टाकले, आईने बांगड्यांच्या पिशवीखालून एक काढला आणि विचारलं "हें कितें रे?" आपल्या उकाड्यात पाच-दहा मिनिटांत परत होते तसे, पण तेवढ्यात वीसेक शॉट निघतात.

आता मुद्द्याचं. मी हे सगळं घेतलं स्लॅप शॉटसाठी, जोरात आवाज वगैरे. त्यात स्टिक पकाच्या जरा आधी जमिनीवर आपटते, वाकते आणि सुटताना पक फेकते. माझी वाकतच नव्हती! फ्लेक्सचा आकडा म्हणजे स्टिक एक इंच वाकवायला लागणारे पाउंड, आणि साधारण आपल्या पाउंडातल्या वजनाच्या निम्मा घ्यावा म्हणतात. मी 68 किलो, म्हणजे 150 पाउंड, म्हणजे 75. माझ्याकडे 85 ची होती आणि लांब वाटली म्हणून सुताराकडून दोन इंच कापून घेतली, कापली की ती अजून कडक होते हे कोण सांगणार. चार महिने काठीशी कुस्ती आणि मनगटं दुखतायत ती वेगळीच.

जूनमध्ये चुलतभावाकडून 70 ची आली, आणि स्लॅप बंद करून नुसता रिस्ट शॉट धरला. पक ब्लेडच्या, म्हणजे स्टिकच्या खालच्या पात्याच्या, टाचेकडून टोकाकडे घरंगळत न्यायचा, वजन मागच्या पायावरून पुढच्यावर, खालचा हात दाबायचा, वरचा ओढायचा. आधी मी पक चमच्याने उचलल्यासारखा उचलत होतो, तो उडायचा पण जीव नसायचा. प्लंबरकडून पाइपांचा सहा बाय चार फुटांचा गोलपोस्ट करून घेतलाय, वरच्या कोपऱ्यांत पाण्याच्या बाटल्या टांगल्यात. मार्चमध्ये वीसात दोन-तीन लागायच्या, आता आठ-नऊ. मागे जाळं मात्र जाड लावा, मी आधी कपडे वाळत घालायची चादर लावली होती आणि एक पक थेट शेजारच्या काकांच्या स्कूटरच्या मडगार्डवर. नंतर मासेमारीचं जुनं जाळं आणलं, ते टिकलंय.

पॅडवर स्केटिंग करता करता मारायची सवय होत नाही, चपला घालून उभा राहून मारणं वेगळं. त्यासाठी जानेवारीत लेहला जायचा विचार आहे, तिथे तळी गोठली की खेळतात.

घ्यावा का? जागा आणि सावली असेल तर घ्या, पण पैसे आधी स्टिकवर घाला. आणि मे महिन्यात कोणाला हात लावू देऊ नका. आईने स्वच्छ पांढरा दिसतोय म्हणून सोलां (आमसुलं) सुकत घातली त्याच्यावर, जांभळे डाग अजून गेले नाहीत आणि तिथे पक चिकटतो, त्यामुळे मी सध्या डावीकडच्या अर्ध्यातच खेळतोय.