एर्टिगात तीन चाइल्ड सीट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे तीन मुलं, वय ७, साडेतीन आणि ११ महिने, शिवाय पुणे-कोल्हापूर जाताना सासूबाई असतातच. तीन रांगांच्या एर्टिगाच्या मधल्या रांगेत आयसोफिक्स (चाइल्ड सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायची सोय) दोनच, दोन्ही खिडकीकडच्या जागांना, त्यामुळे सगळे सांगतात धाकट्या दोघांना तिथे बसवा आणि मोठ्याला मागे पाठवा. तसं करू नका. दोन्हीकडे सीट फिक्स झाल्या की मधली रांग पुढे सरकवून मागे जायला वाटच उरत नाही, मोठं मूल मागे अडकतं आणि गडबडीत त्याला बाहेर काढायचं कसं?

आमची व्यवस्था अशी. बाळाची मागे तोंड असलेली सीट ड्रायव्हरच्या मागे. ही सीट तिरकी असल्याने पुढच्या सीटची जागा खाते, पण गाडी बहुतेक मीच चालवते आणि मला सीट पुढे लागते म्हणून जमतं. मोठ्याचा पाठवाला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसतो) डावीकडे, तो फक्त बेल्टवर असतो, उचलला की वाट मोकळी. साडेतीनवाली तिसऱ्या रांगेत आजीशेजारी, तिची सीट बेल्टने बसवलेली. ही बसवताना गुडघा सीटवर रोवून सगळं वजन टाकायचं आणि मग बेल्ट ओढायचा, नंतर जिथून बेल्ट जातो तिथेच धरून हलवायचं, इंचभराहून जास्त हलली तर परत बसवायची.

त्रास आहेच. तिचे पट्टे लावायला दरवेळी मला मागे शिरावं लागतं, आजींच्या बोटांना ते बकल दाबवत नाही. बूस्टरच्या कडेखाली बेल्टचं बकल जातं, सात वर्षांचं पोर आहे, चाचपडत बसतं, म्हणून बूस्टर खालून अरुंद असलेलाच घ्या. मधल्या जागेत मोठं माणूस बसणं विसरा.

बाळाचे पाय दुमडतात म्हणून सीट पुढे फिरवा असं घरात रोज ऐकते, पण युरोपच्या चाइल्ड सीटसाठीच्या आर१२९ नियमात १५ महिन्यांआधी पुढे तोंड करताच येत नाही, मान तेवढी तयार नसते, मी फिरवणार नाही. आणि १४ च्या आतल्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर आपल्याकडेही १००० रुपये दंड आहे.

तिसरी रांग उभी असताना डिकी २०९ लिटरच, बाबागाडी घरीच राहते.