डॉन मॅककलिन यांचे आत्मचरित्र : वृत्तछायाचित्रकारांनी संग्रही ठेवावे असे पुस्तक

ब्रिटनचे ज्येष्ठ युद्धछायाचित्रकार डॉन मॅककलिन यांचे ‘अनरीझनेबल बिहेव्हियर’ हे आत्मचरित्र लुईस चेस्टर यांच्या साहाय्याने लिहिलेले असून ते १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती निघाली. मी ही वाढीव आवृत्ती घेतली. लातूर-धाराशिव भागात वार्ताहराच्या मोटारसायकलवर मागे बसून छायाचित्रे काढत आयुष्य घालवलेल्या माणसाला या पुस्तकाचा काय उपयोग, या एकाच कसोटीवर मी ते वाचले. उपयोग मोठा आहे, असे माझे मत झाले. कारण दुःखात बुडालेल्या माणसासमोर कॅमेरा घेऊन कसे उभे राहावे, या आमच्या धंद्यातल्या सर्वांत अवघड प्रश्नाविषयी इतके प्रांजळ लेखन माझ्या वाचनात दुसरे आलेले नाही.

मॅककलिन यांचा जन्म १९३५ चा, बालपण उत्तर लंडनमधील फिन्सबरी पार्क या गरीब वस्तीत गेले. दम्याने जर्जर झालेले वडील त्यांच्या पोरवयातच गेले आणि वाचन-लेखन नीट जमत नसल्याने पंधराव्या वर्षी शाळाही सुटली. हवाई दलातील सक्तीच्या सेवेत फोटोग्राफी विभागात काम मिळाले, पण लेखी परीक्षेत नापास झाल्याने छायाचित्रकाराचा हुद्दा काही मिळाला नाही. त्या काळात घेतलेला रोलिकॉर्ड कॅमेरा त्यांनी घरी परतल्यावर गहाण टाकला होता. तो आईने पदरचे पैसे भरून सोडवून आणला. मुलाच्या शिक्षणासाठी अंगावरचा दागिना मोडणाऱ्या आया आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे हा प्रसंग मराठवाड्यातल्या वाचकाला मुळीच परका वाटणार नाही. पुढे त्यांनी वस्तीतल्या एका टोळीतील तरुणांचे एका पडक्या इमारतीत छायाचित्र काढले, ते १९५९ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने छापले आणि त्यांना काम मिळू लागले.

त्यानंतरचा प्रवास सायप्रस, काँगो, व्हिएतनाम, बियाफ्रा, कंबोडिया, उत्तर आयर्लंड, लेबनॉन असा आहे. सायप्रसमधील छायाचित्राला १९६४ चा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला आणि कंबोडियात एक गोळी त्यांच्या निकॉन कॅमेऱ्यात अडकल्याने ते वाचले. या हकिगती थरारक आहेत, पण केवळ त्यांच्यासाठी पुस्तक घ्यावे असे मी कुणाला सांगणार नाही.

पुस्तकाचे मोल बियाफ्रासारख्या प्रकरणांत आहे. नायजेरियातील यादवी युद्धात उपासमारीने मरणाऱ्या शेकडो मुलांनी भरलेल्या एका शाळेत मॅककलिन गेले. तिथे एक वर्णहीन, पांढऱ्या कातडीचा मुलगा कॉर्न्ड बीफचा (खारवलेल्या गोमांसाचा) रिकामा डबा हातात धरून, कसाबसा तोल सांभाळत त्यांच्याकडे एकटक पाहत होता. त्याच्याकडे पाहवेना म्हणून त्यांनी मान फिरवली आणि दुसरीकडे काम सुरू केले, तर थोड्या वेळाने आपल्या हाताला कुणीतरी स्पर्श करते आहे असे त्यांना जाणवले. तोच मुलगा जवळ येऊन त्यांच्या हातात आपला हात देऊन उभा होता. त्यांनी खिशातली एक गोड गोळी काढून त्याला दिली. मुलगा थोडा दूर जाऊन ती चाटत राहिला. या प्रसंगावर त्यांनी कुठलेही तत्त्वज्ञान रचलेले नाही, आणि म्हणूनच तो वाचणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही.

याच्याइतकाच महत्त्वाचा वाटला तो १९६८ मधला व्हिएतनाममधील ह्युए शहरातला प्रसंग. अमेरिकी सैनिकांनी एका मृत उत्तर व्हिएतनामी सैनिकाचे सामान उचकटून इतस्ततः फेकले होते. मॅककलिन यांनी त्या वस्तू, त्यांत त्याच्या घरच्यांची छायाचित्रेही होती, मृतदेहाशेजारी एकत्र मांडल्या आणि मग छायाचित्र काढले. ही मांडणी आपण केली, हे त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितले आहे. मराठवाड्यात काम करणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराने इथे थांबून विचार करावा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरची तसबीर उतरवायची, ती त्याच्या बायकोच्या हातात द्यायची, तिला दारात उजेडाकडे तोंड करून बसवायचे आणि लेकराला शेजारी उभे करायचे, ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तीही एक मांडणीच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तिच्या चेहऱ्यावरचे दुःख खरे असते, पण ती बसण्याची पद्धत आपली असते. मॅककलिन यांनी मृत सैनिकाला त्याची ओळख परत मिळावी म्हणून वस्तू मांडल्या. ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालता येतो तो त्यांनी काही लपवले नाही म्हणून. आपल्या छायाचित्रांखालच्या ओळींत एवढाही प्रामाणिकपणा क्वचितच असतो, याची मला मनापासून खंत वाटते.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या भिंतींच्या ढिगाऱ्यांवर देशभरातले कॅमेरे जमले होते. ‘फोटो काय काढता, दगड उचला’ असे तेव्हा लोक आम्हांला तोंडावर बोलत. हाच प्रश्न मॅककलिन जन्मभर स्वतःला विचारत आले आणि त्याचे सोपे उत्तर त्यांनी दिलेले नाही. सायप्रसमध्ये कॅमेरा बाजूला ठेवून त्यांनी एका वृद्धेला उचलून सुरक्षित जागी नेले, पण अशा कृतीने हिशेब चुकता होतो असे ते मानत नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. मधला भाग एका युद्धातून दुसऱ्या युद्धात इतक्या वेगाने जातो की ज्याला त्या संघर्षांची पार्श्वभूमी ठाऊक नाही त्याचा गोंधळ उडेल, आणि ब्रिटिश वृत्तपत्रांतील अंतर्गत राजकारणाची पाने आपल्या वाचकाला लांबलेली वाटतील. इंग्रजी मात्र साधे व सरळ आहे. छायाचित्रे पाहण्याच्या हेतूने हे पुस्तक घेऊ नये; ती मोठ्या आकाराच्या संग्रहांतच पाहावीत, कारण मॅककलिन आपले प्रिंट डार्करूममध्ये स्वतः करतात आणि त्यांतला गडद काळा रंग लहान पानावर हरवतो. मी ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत कोपरे दबलेली आली, विक्रेत्याने ती बदलून दिली. पण लातूर किंवा नांदेडच्या दुकानदाराला सांगून मागवणे अधिक खात्रीचे.

पत्रकारिता शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी हे पुस्तक ग्रंथालयात घ्यावे, आणि सोबत भारतीय वृत्तछायाचित्रकार किशोर पारेख यांची १९७१ च्या बांगलादेश युद्धाची छायाचित्रे विद्यार्थ्यांना दाखवावीत. त्याच वर्षी मॅककलिन यांनी पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत काम केले होते, तर पारेख कुणीही नेमणूक केलेली नसताना स्वतःहून युद्धक्षेत्रात गेले होते. दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवून प्रत्येक चौकटीत छायाचित्रकार माणसापासून किती अंतरावर उभा आहे एवढेच मुलांना मोजायला लावले, तरी एक तास कमी पडेल.